छातीतलं मशीन, उशाजवळचा डबा आणि पलीकडचा माणूस

अप्पांच्या छातीतल्या मशीनची माहिती दवाखान्यात पाठवणारा डबा घरी आला त्याच रात्री लाईट गेली. देवरुखच्या बाजूला जूनमध्ये लाईट जाण्याचं कुणाला नवल नाही, पण अप्पा अंधारात उठून बसले, उजवा हात डाव्या खांद्याखाली ठेवला आणि म्हणाले, "अगो, माझं मशीन बंद पडलं काय?"

त्यांनी तसं विचारलं म्हणून मला कळलं, की दवाखान्यातून निघताना आम्हाला डबा कसा लावायचा ते सांगितलं होतं, पण तो करतो काय हे कुणी धड समजावलं नव्हतं. पेसमेकर (चुकलेला ठोका देणारं मशीन), आयसीडी (जीवघेण्या लयीत शॉक देणारं) किंवा सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजूंना मिळून ठोके देणारं) बसवलेल्या कितीतरी घरांत हीच स्थिती आहे. डबा भिंतीला लावलेला असतो, हिरवा दिवा दिसतो आणि सगळे निर्धास्त असतात. गेल्या चार वर्षांत अप्पांच्या आयसीडीबरोबर राहून मी जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. औषधं आणि उपचार तुमचे डॉक्टरच ठरवणार. हा लेख आहे घरातल्या माणसांनी करायच्या कामांचा.

आधी साखळी समजून घ्या

छातीतलं मशीन स्वतःच्या बॅटरीवर चालतं. घरातली लाईट, मोबाईलची रेंज, डबा, यातल्या कशाचाही त्याच्या कामाशी संबंध नाही. ठोका चुकला तर ते ठोका देतं. आयसीडी असेल तर जीवघेणी लय ओळखून शॉक देतं. डबा जळाला, हरवला, समुद्रात पडला तरी हे काम चालूच राहतं. अप्पांना मी त्या रात्री हेच सांगितलं आणि ते झोपले.

डब्याचं काम फक्त निरोप्याचं. मशीन दिवसभराच्या नोंदी स्वतःकडे साठवतं. रात्री माणूस झोपला की डबा जवळून, बिनतारी, त्या नोंदी उचलतो. त्यासाठी बहुतेक मशीन्स ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा, खास शरीरातल्या उपकरणांसाठी राखलेला पट्टा वापरतात. नव्या काही मशीन्समध्ये ब्लूटूथ असतं आणि डब्याची जागा मोबाईलवरचं ॲप घेतं. तिथून मोबाईल नेटवर्कने माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे दवाखान्यातला माणूस आपला पासवर्ड टाकून ती पाहतो. काही गडबड असेल तर तो तुम्हाला फोन करतो.

म्हणजे कड्या सहा झाल्या: मशीन, डबा, नेटवर्क, सर्व्हर, दवाखान्यातला माणूस आणि तुमचा फोन. डब्यावरचा हिरवा दिवा फार तर पहिल्या चार कड्यांबद्दल काही सांगतो. पाचव्या आणि सहाव्या कडीबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात साखळी तुटते ती बहुतेक तिथेच.

हे माझं एकटीचं मत नाही. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इन-टाइम नावाच्या चाचणीत हृदय कमजोर असलेले, आयसीडी किंवा सीआरटी-डी (शॉकही देणारी सीआरटी) बसवलेले ६६४ रुग्ण होते. निम्म्यांची माहिती रोज पाहिली जात होती. जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका केंद्रात माणसं बसलेली होती, आणि काही खटकलं की पुढे कळवून रुग्णाशी फोनवर बोलणं होत होतं. वर्षभरात त्या गटात १० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २७. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधल्या रेम-एचएफ या चाचणीत १६५० रुग्ण होते. तिथे माहिती आठवड्यातून एकदा पाहिली जायची. मृत्यूंमध्ये किंवा दवाखान्यात भरती होण्यामध्ये फरक पडला नाही. दोन्ही चाचण्यांत बाकीचेही फरक होते, पण मला त्यातून घेण्यासारखी गोष्ट ही वाटते: माहिती गोळा होणं वेगळं आणि ती वेळेवर कुणीतरी वाचून हालचाल करणं वेगळं. म्हणून या लेखात डब्याइतकीच पलीकडच्या माणसाची चौकशी कशी करायची तेही आहे.

पायरी १: मशीन बसवण्याआधी, निदान घरी सोडण्याआधी

ऑपरेशन ठरताना घरातले लोक किंमत, कंपनी आणि बॅटरी किती वर्षं चालेल एवढंच विचारतात. आम्हीही तेवढंच विचारलं होतं. त्यात आणखी काही प्रश्न घाला.

हे मॉडेल घरबसल्या तपासता येतं का? डबा किंमतीत धरलाय की वेगळा घ्यावा लागेल? पुढे महिन्याचा किंवा वर्षाचा काही खर्च आहे का? आपल्या गावातल्या नेटवर्कवर तो चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या दवाखान्यात ही माहिती पाहायला माणूस नेमलेला आहे का?

एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. मेडट्रॉनिकची केअरलिंक, ॲबटची मर्लिन, बोस्टन सायंटिफिकची लॅटिट्यूड आणि बायोट्रॉनिकची होम मॉनिटरिंग या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. शेजारच्या काकांचा जुना डबा पडून आहे म्हणून तो आणून लावला, असं होऊ शकत नाही.

डिस्चार्जच्या वेळी मशीनचं ओळखपत्र हातात घ्या. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, लीडचा (मशीनपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा) प्रकार आणि बसवल्याची तारीख असते. त्याचा फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलवर ठेवा. मात्र नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकू नका.

२०२३ साली जगभरातल्या हृदयलय-तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे मतपत्र काढलं, त्यात मशीन बसवलेल्या सगळ्यांनाच अशी घरबसल्या तपासणी मिळावी असं म्हटलं आहे. त्यामुळे "आमच्या म्हातारीला कशाला हवं, तिला साधा पेसमेकर आहे" असं कुणी म्हणालं तरी विचारायला कचरू नका. शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच नोंदणी करून घ्या.

पायरी २: पलीकडच्या माणसाला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. आम्ही ते दीड वर्ष उशिरा विचारले.

माहिती कोण पाहतं, डॉक्टर स्वतः की तंत्रज्ञ? रोज पाहतात, की सूचना आली तरच? शनिवार-रविवार, दिवाळीच्या सुट्टीत कोण पाहतं? रात्री दोन वाजता सूचना आली तर ती कधी वाचली जाईल? बहुतेक ठिकाणी उत्तर "दुसऱ्या कामाच्या दिवशी" असंच येईल. त्यात दवाखान्याची चूक नाही. ही व्यवस्था चोवीस तास पहारा देण्यासाठी बनलेलीच नाही. पण ते उत्तर तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण त्यावरच रात्रीचे निर्णय अवलंबून असतात.

डबा काही दिवस जोडला गेला नाही तर कुणाला कळतं आणि किती दिवसांनी? फोन कुणाच्या नंबरवर येईल? तो लागला नाही तर दुसरा नंबर आहे का?

त्याच मतपत्रात म्हटलंय, की दर १००० रुग्णांमागे निदान ३ पूर्णवेळ माणसं या कामाला हवीत. तुमच्या दवाखान्यात तितकी नसतील तर निराश होऊ नका, पण मग तुमच्या बाजूची जबाबदारी वाढते हे लक्षात ठेवा.

याच वेळी एका संमतीपत्रावर सही घेतात. वाचून सही करा. माहिती कुठे साठते, कंपनीचे लोक ती पाहू शकतात का, आणि नको झाल्यास नाव कसं काढायचं, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ३: डब्याची जागा

सर्वसाधारण नियम असा: माणूस झोपतो त्या पलंगापासून दोन-तीन मीटरच्या आत, डोक्याच्या बाजूला, मध्ये कपाट नको. बहुतेक डबे मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंतच्या वेळात मशीनशी बोलतात, म्हणून माणूस त्या वेळी तिथे असला पाहिजे. नेमकं अंतर तुमच्या डब्याच्या पुस्तिकेत असतं, ते पाहून घ्या.

कोकणातल्या आमच्या घरात हा नियम पाळूनही डबा बोलेना. भिंती चिऱ्याच्या, दीड-दोन फूट जाड. माजघराला लागून असलेल्या अप्पांच्या खोलीत मोबाईलला एक दांडी रेंज, तीही पाऊस नसेल तर. डब्यात स्वतःचं सिम असतं, पण त्यालाही हवेतून रेंज लागतेच. मी तीन कंपन्यांचे फोन घेऊन रात्री खोलीभर फिरले. खिडकीच्या कट्ट्यावर सगळ्यात चांगली रेंज मिळाली. मग नुसता डबा हलवला नाही, पलंगही हलवला. उशी खिडकीकडे केली आणि डबा कट्ट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिली माहिती पोचली. पाऊस आत येतो म्हणून कट्ट्यावर फळी ठोकून डबा चार इंच वर घेतला.

तुमच्या घरी असाच प्रश्न असेल तर आधी पलंग फिरवून पाहा. तेवढ्याने जमलं नाही तर कंपनीच्या हेल्पलाईनला विचारा. काही डब्यांना वाय-फायने जोडता येतं.

प्लगबद्दल मी जरा हट्टी आहे. डब्याला स्वतःचा सॉकेट द्या, एक्स्टेन्शन बोर्ड नको. अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा: "अप्पांचं मशीन. काढू नका." आमच्याकडे हे लिहिलेलं नव्हतं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, कुणीतरी मोबाईल चार्ज करायला डब्याची पिन काढली आणि ती परत घालायची राहिली. डबा खिडकीत होता तसाच राहिला, दिवा बंद. तेवीस दिवस. दवाखान्यातून फोन आला होता, पण तो दादाच्या जुन्या नंबरवर. नंबर बदलल्याचं आम्ही तिथे कळवलंच नव्हतं. पाचवी कडी शाबूत होती. सहावी आम्ही तोडली होती. त्या तेवीस दिवसांत काही झालं नाही, हे नशीब.

लाईट वारंवार जाते तिथे डबा इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. विजा चमकत असतील तर पिन काढायला हरकत नाही, फक्त पाऊस थांबल्यावर ती परत घालायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे ते आईकडे आहे. मधल्या काळातल्या नोंदी मशीनमध्ये साठतात आणि जोडणी झाली की जातात.

मे महिन्यात अप्पा पडवीत झोपतात. तेव्हा डबाही पडवीत जातो. एवढी साधी गोष्ट, पण पहिल्या उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मोबाईलवरचं ॲप असेल तर

डबा नसून ॲप असेल तर फोन रुग्णाचाच हवा आणि तो रात्री खोलीतच हवा. ब्लूटूथ चालू, डेटा चालू. फोनमधला बॅटरी सेव्हर बरेचदा मागे चालणारी ॲप गुपचूप बंद करतो; सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला त्यातून वगळा. नातवंडं "फोन स्लो झालाय" म्हणून ॲप उडवतात, त्यांना सांगून ठेवा. नवीन फोन घेण्याआधी तो ॲपला चालणाऱ्या यादीत आहे का ते पाहा, आणि फोन बदलला की जोडणी पुन्हा करावी लागते हे विसरू नका.

फोन खोलीत हवा, पण छातीवर नको. अलीकडच्या अनेक फोनमध्ये, त्यांच्या कव्हरमध्ये आणि चार्जरमध्ये लोहचुंबक असतात. चुंबक मशीनच्या अगदी जवळ आला तर पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देत राहतो आणि आयसीडी तेवढा वेळ शॉक देणं थांबवते. म्हणून डाव्या खिशात फोन नको. निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर अंतर ठेवा.

पायरी ४: पहिली माहिती पोचली का, याची खात्री

डबा लावल्यावर पुस्तिकेप्रमाणे पहिली जोडणी करा. त्यानंतर दवाखान्यात फोन करून एकच प्रश्न विचारा: "तुमच्या स्क्रीनवर आमची नोंद दिसतेय का, आणि ती कोणत्या तारखेची?" "हो, सगळं ठीक आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. तारीख ऐका. हेच दर तीन महिन्यांनी करा. मी दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी करते. दोन मिनिटं लागतात, आणि आता तिथली मॅडम माझा आवाज ओळखते.

पायरी ५: हाताने माहिती पाठवणं

बहुतेक डब्यांवर एक बटण असतं. काही डब्यांना वायरने जोडलेला, माउससारखा एक तुकडा असतो, तो मशीनवर धरायचा असतो. याने लगेच ताजी माहिती जाते. अप्पांना हे शिकवायला मी सुट्टीत चार दिवस बसले. रोज संध्याकाळी त्यांच्याकडून फक्त हालचालीचा सराव करून घेतला, आणि शेवटच्या दिवशी एकदाच खरं बटण दाबलं.

दवाखान्याने सांगितलं तरच, किंवा आधी ठरलं असेल त्या प्रसंगीच बटण दाबा. जीव घाबरला म्हणून रोज दाबू नका. प्रत्येक वेळी मशीनची थोडी बॅटरी खर्च होते आणि पलीकडे कुणालातरी ती नोंद वाचावी लागते. शिवाय बटण दाबलं म्हणजे मदत निघाली, असा समज होतो. तो घातक आहे. बटण दाबल्यावर फोन करायलाच हवा.

पायरी ६: कोणती सूचना कशाची

फोन आल्यावर घाबरून जायला नको असेल तर थोडं आधीच समजून घेतलेलं बरं.

बॅटरी. बदलायची वेळ जवळ आली की मशीन तशी खूण करतं. ही खूण झाल्यानंतर साधारण तीन महिन्यांची मुदत धरून मशीन बनवलेलं असतं. म्हणजे रात्रीत पळापळ नको, पण "दिवाळी झाल्यावर बघू" असंही नको. बदलताना बहुधा फक्त डबीसारखं मशीन बदलतात, लीड ठीक असेल तर तीच ठेवतात.

लीड. मशीनपासून हृदयापर्यंत जाणारी ही तार. तिचा विद्युत रोध मशीन रोज मोजतं. रोध एकदम वाढला तर आतली तार तुटत असेल किंवा जोड सैल झाला असेल. एकदम घटला तर वरचं आवरण झिजलेलं असू शकतं. आयसीडीमध्ये ही गोष्ट फार महत्त्वाची. तुटक्या तारेतून येणारी खरखर मशीनला जीवघेणी लय वाटू शकते, आणि मग पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला विनाकारण शॉक बसतात.

अप्पांच्या बाबतीत हेच होऊ घातलं होतं. एका गुरुवारी दुपारी मला फोन आला: "लीडचा रोध परवापासून वाढलाय, थोडी खरखरही दिसतेय. आजच निघा. डाव्या हाताने काही उचलू देऊ नका." अप्पा त्या वेळी परसदारी पोफळीला पाणी लावत होते. त्यांना काहीही होत नव्हतं. दादाने गाडी काढली, आंबा घाट चढून रात्री कोल्हापूर गाठलं. तिथे त्यांना मॉनिटरवर ठेवून मशीनचे शॉक तात्पुरते बंद केले आणि दोन दिवसांनी नवीन लीड घातली. पुढची ठरलेली तपासणी अजून अडीच महिने लांब होती. अमेरिकेतल्या ट्रस्ट या २०१० मधल्या चाचणीत १३३९ रुग्ण होते. त्यात हृदयाची लय बिघडल्याचे प्रसंग डॉक्टरांच्या नजरेला यायला नेहमीच्या पद्धतीत साधारण ३६ दिवस लागले, घरबसल्या लक्ष ठेवलेल्यांमध्ये दोन दिवसांपेक्षा कमी. मी तो आकडा वाचला तेव्हा मला ती दुपार आठवली.

लय. वरच्या कप्प्याची बेताल धडधड, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, पुष्कळदा माणसाला जाणवतही नाही. मशीन मात्र मिनिटांचा हिशेब ठेवतं. २०१२ च्या असर्ट अभ्यासात पेसमेकर किंवा आयसीडी असलेल्या २५८० जणांमध्ये, सुरुवातीच्या तीन महिन्यांत सहा मिनिटांपेक्षा जास्त अशी लय ज्यांच्यात सापडली, त्यांना पुढे पक्षाघाताचा धोका सुमारे अडीचपट दिसला. म्हणून सूचना आली की रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विचार निघतो. ती द्यायची की नाही हे वय, रक्तदाब, साखर, रक्तस्रावाचा धोका आणि ती लय किती वेळ टिकली यावर ठरतं. शेजारच्यांना दिली म्हणून स्वतः सुरू करू नका, आणि चालू असलेली बंद तर मुळीच करू नका.

पाणी साठणं. काही मशीन्स छातीतला विद्युत रोध, रात्रीची नाडी, दिवसभराची हालचाल पाहून फुप्फुसात पाणी वाढत असल्याचा अंदाज बांधतात. हा अंदाज चुकतोही. साधा छातीचा संसर्ग असला तरी तो वाजतो. म्हणून घरचा वजनकाटा सोडू नका. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं, घोट्याशी सूज आली किंवा एका उशीवर झोपता येईना, तर डब्याची वाट न पाहता फोन करा.

सीआरटी असेल तर आणखी एक आकडा: हृदयाच्या दोन्ही बाजूंना मिळून मशीन किती टक्के ठोके देतंय. हा आकडा शंभराच्या जितका जवळ तितकं चांगलं. तपासणीच्या वेळी तो विचारा आणि वहीत लिहा.

सेटिंग बदलायची असेल तर मात्र सहसा दवाखान्यातच जावं लागतं. घरचा डबा माहिती वाचतो, बदल करत नाही. "घरूनच रेट कमी करून द्या" अशी विनंती करून उपयोग नाही.

पायरी ७: शॉक बसला तर, चक्कर आली तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

आयसीडीचा एकच शॉक बसला आणि माणूस लगेच सावरला, बोलतोय, श्वास नीट आहे, तर त्याला बसवा आणि दवाखान्याला त्याच दिवशी फोन करा. त्यांनी सांगितलं तर हाताने माहिती पाठवा.

लागोपाठ किंवा एका दिवसात दोन वा जास्त शॉक बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखतंय, दम लागतोय, माणूस बेशुद्ध झालाय, तर १०८. डब्याकडे वळूनही पाहू नका. पेसमेकरच्या रुग्णाला अचानक भोवळ येऊन तो पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, छातीवर दाब आला, तरीही १०८ च.

शॉकच्या क्षणी तुमचा हात त्यांच्या अंगावर असेल तर झिणझिणी जाणवेल, इजा होत नाही. माणूस निपचित पडला आणि श्वास नीट चालत नसेल तर मशीन आहे म्हणून थांबू नका, छाती दाबायला सुरुवात करा.

जखमेबद्दलही एक सांगते, कारण डब्याला डोळे नाहीत. मशीनवरची त्वचा लाल होणं, गरम लागणं, सूज, पाणी किंवा पू येणं, कातडी पातळ होऊन मशीनची कड दिसू लागणं, किंवा कारणाशिवाय ताप, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. याची सूचना कुठल्याही सर्व्हरवर जात नाही.

प्रत्यक्ष तपासणी सुटत नाही

मशीन बसवल्यावर दोन ते बारा आठवड्यांत एकदा समोर जाऊन तपासणी करावीच लागते. पुढे डबा नियमित बोलत असेल, काही तक्रार नसेल, तर डॉक्टर प्रत्यक्ष भेटींमधलं अंतर वाढवू शकतात. त्या मतपत्राने काही निवडक रुग्णांसाठी ते दोन वर्षांपर्यंत नेता येईल असं म्हटलंय. कोल्हापूरला जायचं म्हणजे आमचा अख्खा दिवस जातो, गाडीभाडं वेगळं, आणि घाटाच्या वळणांनी अप्पांना उलटी होते. त्या फेऱ्या कमी झाल्या याचा आम्हाला खरोखर आनंद आहे. पण अंतर किती ठेवायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण परस्पर नाही.

हॅकिंगची भीती

दादाने कुठेतरी वाचलं आणि डबा काढून टाकायचं म्हणू लागला. भीती निराधार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुरक्षेची सुधारणा काढावी लागली होती, आणि २०१९ मध्ये आणखी एका कंपनीच्या बिनतारी जोडणीबद्दल सरकारी इशारा निघाला. पण २०१९ च्या इशाऱ्यातही रुग्णांना डबा चालू ठेवायलाच सांगितलं होतं, कारण माहिती न मिळण्याचा धोका त्याहून मोठा. तुमच्या हातात आहे ते एवढं: डबा कंपनीकडून किंवा दवाखान्याकडूनच घ्या, अनुक्रमांक कुणाला फोनवर सांगू नका, "पेसमेकर अपडेट करायचाय, ओटीपी द्या" असा फोन आला तर ठेवून द्या आणि दवाखान्याच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा.

प्रवास आणि इतर

आठ-दहा दिवसांसाठी गावाला जायचं असेल तर दवाखान्याला कळवून डबा घरी ठेवला तरी सहसा चालतं. मुलाकडे परदेशी तीन महिने राहायला जाणार असाल तर डबा त्या देशात चालेल का ते आधी विचारा आणि हातातल्या बॅगेत न्या. विमानतळावर ओळखपत्र दाखवा. एमआरआय, दातांचं मोठं काम, कुठलंही ऑपरेशन यांआधी मशीनचं सांगा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहा.

एक अवघड गोष्टही लिहिते, कारण ती वेळेवर कुणी सांगत नाही. माणूस शेवटच्या आजारात असेल तर आयसीडीचे शॉक बंद करता येतात. त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, म्हणजे शेवटच्या तासांत त्रास होत नाही. आणि दहन करण्याआधी मशीन काढावं लागतं, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. घरी मृत्यू झाला तर कुणाला बोलवायचं ते विचारून ठेवा. आमच्या अप्पांनीच हे स्वतःहून विचारलं आणि उत्तर वहीत लिहायला लावलं.

कपाटाच्या दाराआतला कागद

अप्पांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर मशीनचा प्रकार, कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख. नवीन लीडची तारीख. दवाखान्याचा डिव्हाइस क्लिनिकचा थेट नंबर आणि त्यांच्या वेळा. कंपनीची हेल्पलाईन. चालू गोळ्या. १०८. आमचे तीन मोबाईल नंबर, दवाखान्यात नोंदवलेत त्याच क्रमाने. खाली एक रकाना आहे: शेवटची माहिती पोचल्याची तारीख. सोमवारचा फोन झाला की मी पुण्याहून आईला तारीख सांगते आणि ती पेन्सिलीने जुनी खोडून नवी लिहिते. नंबर बदलला की कागद आणि दवाखाना दोन्हीकडे त्याच दिवशी बदलायचा, असं ठरलंय. मशीन बदलल्यावर नवा डबा येईल, तेव्हा जुना कंपनीला परत करून त्याची पावती याच कागदामागे टाचायची.